मदत हवी आहे: लघवीचं इन्फेक्शन झालं आणि आई मला ओळखेना, एमआरआय करू का?

अबोली_ठाणे
प्लीज लवकर उत्तर द्या. आईला लघवीचं इन्फेक्शन झालं म्हणून परवा ॲडमिट केलं. ताप उतरलाय, पण ती मला ओळखत नाही. काल रात्रभर चादरीचं टोक चिमटीत धरून तव्यावरची पोळी उलटावी तसं करत होती. मला म्हणाली, "माई, गरम आहे तोवर बस जेवायला." माई म्हणजे माझी मावशी, तिला जाऊन बारा वर्षं झाली. सकाळी मात्र तासभर अगदी नीट बोलली. डॉक्टर राउंडला येतात, "इन्फेक्शनमुळे होतं, कमी होईल" म्हणतात आणि जातात. इन्फेक्शन लघवीत, मग डोक्यात काय बिघडलं? भाऊ म्हणतो डिमेन्शिया. धाकटी मावशी म्हणते बाहेरचं आहे. एमआरआयसाठी दुसऱ्या हॉस्पिटलात हलवू का? रात्रीपर्यंत ठरवायचंय.

रानजाई
वय किती? आधी विसरायच्या का? एकाएकी झालं की महिनाभर चाललंय? पडल्या होत्या का? गोळ्या कोणकोणत्या? सोडियम किती आलं?

जुना_कोकणी
याला आमच्याकडे 'वात झाला' म्हणत. आजोबांना न्यूमोनिया झाला तेव्हा ते तीन रात्री 'गुरं सुटली, दावी आणा' म्हणून ओरडत होते. गोठा बंद करून दहा वर्षं झाली होती. छातीतला कफ सुटला, तसे हळूहळू माणसात आले. पुढे सहा वर्षं गावचा हिशोब बघितला. घाबरू नका.

अबोली_ठाणे
वय ७६. रिपोर्ट नॉर्मल आहेत, डॉक्टरांनीच सांगितलं. गोळ्या नेहमीच्याच, बीपी आणि शुगरच्या. पडली नाही. गेल्या रविवारपर्यंत भिशीचे पैसे तीच लिहीत होती. माझा प्रश्न मेंदूचा आहे, कोणीतरी त्याचं सांगा ना.

तळ्याकाठी
मी शरीरशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. जंतू मेंदूत शिरायची गरज नसते. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी रक्तात निरोप सोडतात, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ या नावांची रसायनं. रक्तातून ती मेंदूच्या वेशीपर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशी पुढे प्रोस्टाग्लँडिन तयार करतात. ताप त्यानेच चढतो. शिवाय पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस आहे, तीही ही बातमी वर नेते. फ्लूमध्ये आपल्याला जेवण नकोसं होतं, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, पडून राहावंसं वाटतं, तो मेंदूने घेतलेला पवित्रा असतो. बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली आजारी जनावरांबद्दल हेच मांडलं होतं. गाय कोपऱ्यात मान टाकून बसते ती ताकद लढाईसाठी राखायला.

तरुण मेंदू हे झेलतो. उतारवयात मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी आधीच अर्ध्या जाग्या असतात, बाहेरून निरोप आला की जास्त भडकतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय. लक्ष एका जागी धरून ठेवणारं ॲसिटिलकोलीन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं, आणि डोपामिन हे दुसरं रसायन वरचढ होतं असंही मानतात. मग माणूस जागा असूनही स्वप्नात असल्यासारखा वागतो. याला डिलिरियम म्हणतात. अचानक सुरू होणं आणि दिवसभरात खालीवर होणं ही त्याची खूण. तुम्ही लिहिलेला सकाळचा तो नीट तास नेमका तोच आहे. डिमेन्शिया असा एका रात्रीत येत नाही.

केवडा
हे मी घरात पाहिलंय. माझ्या मिस्टरांना हेपॅटायटिस सी होता. २००९ मध्ये इंटरफेरॉनची इंजेक्शनं, आठवड्याला एक, ४८ आठवडे. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूशी लढताना शरीर सोडतं तेच रसायन, फक्त बाहेरून टोचलेलं. तिसऱ्या महिन्यात हसता-खेळता माणूस भिंतीकडे तोंड करून पडायला लागला, मुलाच्या वाढदिवसाला खोलीबाहेर आला नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी समजावलं की अशा वेळी शरीर जेवणातून मिळणारं ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेला लावतं, मूड सांभाळणारं सेरोटोनिन बनवायला ते कमी उरतं. डिप्रेशनची गोळी सुरू केली आणि माणूस परत मिळाला. अबोलीताई, तुम्ही आजच मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा आणि गोळी सुरू करा.

रानजाई
केवडाताई, तुमचं दुःख समजतं, पण हे वेगळं आहे. ते महिनोन्महिने मुरलेलं डिप्रेशन होतं, हे दोन दिवसांतलं डिलिरियम आहे. डिप्रेशनच्या काही जुन्या गोळ्या, उदाहरणार्थ ॲमिट्रिप्टिलिन, ॲसिटिलकोलीन अजून दाबतात. भ्रम वाढेल.
अबोली, मी अठरा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. 'नॉर्मल' नको, फाइल उघडून सोडियमचा आकडा वाच. आणि नेहमीच्या गोळ्या म्हणजे कोणत्या, पाकिटावरची नावं लिही. आईंना महिने उलटे म्हणायला सांग, लक्ष किती टिकतं ते कळेल.

केवडा
मी कुठे ॲमिट्रिप्टिलिन द्या म्हटलं? तज्ज्ञ ठरवतील. मनाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की लगेच नको म्हणायचं, यानेच माणसं उशिरा पोचतात.

रानजाई
तज्ज्ञांना जरूर बोलवा. गोळी आधी ठरवू नका, एवढंच.

घाटमाथा
तापाकडे शत्रू म्हणून बघू नये. वॅग्नर-याउरेग यांना १९२७ चं नोबेल मिळालं ते सिफिलिसने मेंदू बिघडलेल्या रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणून बरं करण्याबद्दल. ताप मेंदू दुरुस्तही करतो. पॅरासिटामॉल बंद करून बघा. आणि हळदीचं दूध रोज रात्री द्या. सोबत ब्राह्मी.

तळ्याकाठी
नोबेलचं खरं आहे. पण त्या उपचारात काही रुग्ण दगावले, आणि पेनिसिलिन आल्यावर तो मागे पडला. ७६ वर्षांच्या बाईंवर त्याचा आधार घेऊ नका.

रानजाई
आणि गुंगीतल्या माणसाला दूध किंवा काढा पाजू नका, कोणीही. श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. पूर्ण जाग असताना, पाठ सरळ उभी करून, चमच्याने.

अबोली_ठाणे
फाइल बघितली. सोडियम १२६. पुढे बाण आहे खाली. हे मला कोणी बोललंच नाही.
इंग्रजी महिने आई सरळसुद्धा म्हणत नाही, म्हणून मराठी विचारले. फाल्गुन, माघ म्हणाली आणि थांबली. मग "पौषात लग्नं नसतात" म्हणत चादरीला हात.
गोळ्या: टेल्मिसार्टन आणि त्यासोबत एच लिहिलेलं काहीतरी, मेटफॉर्मिन, आणि एक ऑक्सिब्युटिनिन. ती मागच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी दिली, रात्री सारखं उठावं लागतं म्हणून. ती लघवीची आहे म्हणून आधी लिहिली नाही.

रानजाई
अगं, तीच तर विचारत होते! ऑक्सिब्युटिनिन ॲसिटिलकोलीनच अडवतं. मूत्राशय शांत होतं, पण म्हातारपणी ते डोक्यातही लागतं, वर लघवी तुंबू शकते. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड असेल, त्याने सोडियम उतरतं. इन्फेक्शन, सोडियम आणि ही गोळी, तिन्ही एकदम आलंय. मनाने काही बंद करू नकोस. आत्ता ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे जा, दोन्ही पाकिटं दाखव आणि विचार: सोडियम पुन्हा कधी तपासणार? लघवी तुंबली आहे का? सोडियम हळूहळूच वाढवतात, घाई केली तर मेंदूला इजा होते, तेव्हा 'लवकर करा' म्हणून मागे लागू नकोस.
एमआरआयचं तेच सांगतील. डोक्याला मार, हात-पाय लुळा पडणं, फिट, तोंड वाकडं, असं काही दिसलं तर स्कॅन लगेच. नाहीतर या अवस्थेत अँब्युलन्समधून नवीन हॉस्पिटल, नवीन खोली म्हणजे भ्रमात भर.

जुना_कोकणी
मीही तेच म्हणतो, हलवू नका. आणि मावशींना सांगा, देवाचा अंगारा लावायचा तर लावा, पण सलाईनची सुई काढू देऊ नका.

रानजाई
चष्मा आहे का त्यांच्याजवळ? कानाला मशीन लावतात?

अबोली_ठाणे
मशीन घरी आहे. हरवेल म्हणून मीच काढून ठेवलं.

रानजाई
आजच आण. ऐकू आलं नाही की मेंदू स्वतःच अर्थ लावत बसतो. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद, समोर घड्याळ. 'माई नाही, मी अबोली' म्हणून वाद घालू नकोस, हात धर आणि नाव सांग. एकच ओळखीचं माणूस रात्री थांबू दे.

अबोली_ठाणे
दोन दिवसांनी लिहितेय, माफ करा. ऑक्सिब्युटिनिन आणि ती एचवाली गोळी डॉक्टरांनी बंद केली. त्यांनी नीट पंधरा मिनिटं बसून ऐकलं. लघवी तुंबली होतीच, नळी घातल्यावर पाऊण लिटर निघाली. सोडियम १३१. काल रात्री सलग चार तास झोपली. सकाळी मशीन कानात घातलं तर म्हणाली, "ओरडतेस कशाला, ऐकू येतंय." मी बाथरूममध्ये जाऊन रडले.
पण संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुन्हा भिंतीवर मुंग्या दिसतात तिला. हे किती दिवस चालतं?

रानजाई
इन्फेक्शन गेल्यावरही कधी काही दिवस, कधी काही आठवडे. संध्याकाळी जास्तच असतं. डिस्चार्जच्या आधी विचारून घे, नळी कधी काढणार?