चुकीचा झेंडा दिसला तर सामना थांबवा, पण हात मिळवणं थांबवू नका

टिळकवाडीकर

सप्टेंबर २०२५ च्या आशिया चषकात आपल्या क्रिकेट संघानं पाकिस्तानी खेळाडूंशी हात मिळवले नाहीत, त्यावरून आपल्या बेळगावात तालमीपासून चहाच्या टपरीपर्यंत अजून वाद चालू आहेत. म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. परदेशात आपल्या देशाचा झेंडा चुकला किंवा दुसऱ्याचं राष्ट्रगीत वाजलं, तर खेळाडूंनी चूक दुरुस्त होईपर्यंत मैदानात उतरू नये. पण एकदा उतरल्यावर समोरच्या खेळाडूचा हात नाकारू नये. त्या देशाशी खेळणंच मान्य नसेल तर सामना सोडावा, गुण जाऊ द्यावेत. खेळायचं, जिंकायचं, आणि शेवटी पाठ फिरवायची, ही वाट मला पटत नाही.

झेंड्याचं आधी घेतो. २५ जुलै २०१२, ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क. लंडन ऑलिंपिकचा महिला फुटबॉलचा सामना, उत्तर कोरिया विरुद्ध कोलंबिया. मोठ्या पडद्यावर उत्तर कोरियाच्या मुलींच्या नावांशेजारी झेंडा लागला दक्षिण कोरियाचा. ज्या देशाशी युद्ध झालं आणि शांततेचा करार आजही झालेला नाही, त्याचा झेंडा. मुली आत निघून गेल्या. तासाभरापेक्षा जास्त वेळ सामना अडला, आयोजकांनी माफी मागितली, मग त्या उतरल्या आणि २-० नं जिंकल्या. त्यांच्या देशातल्या राजवटीबद्दल माझं मत वाईटच आहे, पण त्या तासाभरात त्या मुली वागल्या त्यात मला काहीही गैर दिसत नाही.

पॅरिसला २०२४ मध्ये दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल संघासमोर सुदानचं राष्ट्रगीत लागलं. ज्या देशातून सुटायला पिढ्या खपल्या, २०११ मध्ये कुठे स्वतःचा झेंडा मिळाला, त्याच देशाचं गीत. खेळाडू छातीवर हात ठेवून उभे राहिले, गीत बंद झालं, थोड्या वेळानं खरं गीत लागलं. पोर्तो रिकोला त्यांनी ९०-७९ नं हरवलं. त्याच ऑलिंपिकच्या उद्घाटनात दक्षिण कोरियाच्या पथकाची ओळख उत्तर कोरिया म्हणून करून दिली होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना त्यांच्या राष्ट्राध्यक्षांना फोन करून क्षमा मागावी लागली.

या चुका क्षुल्लक नाहीत. झेंडा नसणं म्हणजे काय हे आपल्या गावाला ठाऊक असायला हवं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेला फडेप्पा चौगुले बेळगावचा. २ तास ५० मिनिटांत पोचला, एकोणिसावा आला. देश पारतंत्र्यात, आपला म्हणावा असा झेंडा नाही. पुढे १९३६ मध्ये बर्लिनला जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्याआधी ध्यानचंदच्या संघानं खोलीत काँग्रेसच्या तिरंग्याला सलाम केला आणि मग ८-१ नं सामना मारला. तारीख होती १५ ऑगस्ट.

आता हस्तांदोलन. १४ सप्टेंबरला दुबईत नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले नाहीत, सामना संपल्यावर आपला संघ सरळ आत गेला. याची तुलना १९७४ शी करा. डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत आपण पोचलो होतो, समोर वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती. अमृतराज बंधू ऐन भरात होते. भारतानं खेळायलाच नकार दिला आणि चषक हातचा जाऊ दिला. त्या नकाराची किंमत आपण मोजली, म्हणून जगानं त्याची दखल घेतली. दुबईत आपण किंमत कसली मोजली?

पलटणवाला

टिळकवाडीकर, तुमचं झेंड्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. दुसरं अजिबात नाही.

माझी सगळी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली. नाव-धर्म विचारून मारली. त्यानंतर पाच महिन्यांत आमच्या पोरांनी हसत हात मिळवायचा? कुठल्या नियमात लिहिलंय? हात मिळवणं ही रीत आहे, सक्ती नाही. सूर्यकुमारनं तो विजय सैन्यदलांना अर्पण केला तेव्हा आमच्या घरात सगळे उठून उभे राहिलो, हे मनापासून सांगतो.

किंमत मोजली नाही म्हणता. २८ तारखेला अंतिम सामना जिंकून चषक हातात न घेता परत आले की आपले खेळाडू! चषक द्यायला उभे होते मोहसिन नक्वी. पाकिस्तान क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष, आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष आणि पाकिस्तानचे गृहमंत्रीसुद्धा. त्यांच्या हातून घ्यायचा होता काय?

टिळकवाडीकर

अण्णा, नक्वींच्या हातून चषक न घेणं मला योग्यच वाटतं. तिथे समोर त्या सरकारचा मंत्री होता. मंत्र्याला नकार देणं म्हणजे सरकारला नकार देणं. त्यांचा कर्णधार सलमान आगा मंत्री नाही, तो फलंदाज आहे. या दोघांना एकाच मापानं मोजू नका एवढंच माझं म्हणणं.

आणि रीत मोडल्यावर पुढे काय झालं ते बघा. २१ तारखेच्या सामन्यात त्यांच्या एकानं अर्धशतक झाल्यावर बॅटची बंदूक केली, दुसऱ्यानं विमानं पडल्याचे हातवारे केले. मैदानावर युद्धाची नक्कल सुरू झाली. ज्यांनी खरं युद्ध पाहिलंय त्या तुमच्यासारख्यांना ती बघवली का?

खानापूरची लेक

मी शाळा-कॉलेजात हॉकी खेळलेय, म्हणून लिहिते.

१४ ऑक्टोबर २०२५, मलेशियात सुलतान ऑफ जोहोर चषक. ज्युनियर मुलं. भारत-पाकिस्तान सामना ३-३ बरोबरीत सुटला आणि सामन्याआधी दोन्ही संघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. महिनाभरापूर्वी दुबईत जे देशद्रोहाच्या जवळपास मोजलं जात होतं ते या मुलांनी केलं आणि आकाश कोसळलं नाही. मग धोरण नेमकं कुणाचं? क्रिकेटचं वेगळं आणि हॉकीचं वेगळं?

नीरज चोप्राचं तर मला फार लागलं. बंगळूरच्या भालाफेक स्पर्धेसाठी त्यानं अर्शद नदीमला निमंत्रण दिलं होतं, पहलगामच्या आधी. हल्ल्यानंतर लोकांनी त्याला आणि त्याच्या आईला नाही नाही ते बोलून घेतलं. देशाला ऑलिंपिकचं सुवर्ण आणि रौप्य आणून देणाऱ्या माणसाला आपली निष्ठा लिहून सिद्ध करावी लागली. पॅरिसला नदीमनं सुवर्ण जिंकलं तेव्हा तोही आपलाच मुलगा असं म्हणणारी ती आई. मला त्या बाईंचा अभिमान वाटतो, आणि त्यांना बोलणाऱ्यांची लाज वाटते.

निपाणीकर

दुसऱ्यांच्या चुका मोजताना आपल्या घरचं विसरू नका.

दिल्ली राष्ट्रकुल २०१०. स्पर्धेच्या तोंडावर मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. क्रीडाग्रामातल्या घाणीचे फोटो जगभर गेले, आणि आपला पदाधिकारी काय म्हणाला, तर त्यांच्या आणि आपल्या स्वच्छतेच्या कल्पना वेगळ्या आहेत! २०१६ ला रिओमध्ये आपल्या क्रीडामंत्र्यांसोबतची माणसं परवाना नसलेल्या जागी घुसतात म्हणून आयोजकांनी मंत्र्यांचा प्रवेशपरवानाच रद्द करण्याचा इशारा देणारं पत्र दिलं होतं. मंत्र्यांनी आरोप नाकारले, पण पत्र आलं ते आलंच. यानं देशाची मान खाली गेली नाही?

सगळ्यात वाईट तर २०१४ चं. आपल्या ऑलिंपिक संघटनेवर बंदी होती म्हणून सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात शिवा केशवन आणि बाकी दोघे ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालले. तिरंगा कुठल्या परक्यानं हिरावला नव्हता. आपल्याच पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीच्या भानगडींनी तो घालवला. तेव्हा कुठे होता हा संताप?

साऊंडवाला शहापूर

गीत चुकतंय कसं ते सांगतो, धंदाच आपला हाय.

लोकांना वाटतंय मुद्दाम करतात. शंभरात एखादं तसं असेल. बाकी सगळा गोंधळ फायलींचा असतोय. एकाच फोल्डरमधे सगळ्या देशांची गीतं, शेजारी शेजारी. ‘सुदान’, ‘साऊथ सुदान’. ‘अल्बानिया’, ‘अँडोरा’. २०१९ ला पॅरिसमधे फ्रान्स-अल्बानिया मॅचला अँडोराचं गीत लागलं. अल्बानियाचे खेळाडू म्हणाले आमचं लावा, त्याशिवाय खेळत नाही. मग माफी मागायला माईक घेतला, तर निवेदक म्हणतोय ‘आर्मेनिया’ची माफी! शेवटी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांच्या पंतप्रधानांकडं दिलगिरी व्यक्त केली.

आमच्याकडं १५ ऑगस्ट, २६ जानेवारीची ऑर्डर असली की राष्ट्रगीताचा पेनड्राईव्ह वेगळा ठेवतोय. त्यात दुसरं काहीच नाही. कार्यक्रमाआधी हेडफोनवर पूर्ण ५२ सेकंद ऐकायचं, पहिले चार शब्द ऐकून सोडायचं नाही. दोन देश असतील तर दोन्ही संघांच्या मॅनेजरला बोलवून ऐकवायचं आणि होय म्हणून घ्यायचं. पाच मिन्टाचं काम हाय. लंडनवाल्यांनी २०१२ ला मोठ्या ऑर्केस्ट्राकडून दोनशेवर गीतं नव्यानं वाजवून घेतली होती, इतकी तयारी. आणि घसरले ते पडद्यावरच्या एका व्हिडिओत. मशीन चुकत नाही वो, शेवटी बघणारा माणूस लागतोय.

२०२५ च्या फेब्रुवारीत लाहोरला ऑस्ट्रेलियाच्या जागी आपलं गीत सुरू झालं, तेबी असंच. त्याला कट म्हणू नका.

अनगोळकर

टिळकवाडीकर, तुमचा नियम एका ठिकाणी तपासून बघू.

२०२३ चे हांगझोऊ आशियाई खेळ. अरुणाचलच्या, वुशू ही चिनी युद्धकला खेळणाऱ्या तीन मुलींना चीननं इतर खेळाडूंसारखी कागदपत्रं दिली नाहीत, त्या विमानात बसू शकल्या नाहीत. ही चूक नव्हती. त्या मुली भारताच्या नाहीत असं एका देशानं कागदावरून सुचवलं होतं. भारतानं निषेध नोंदवला, क्रीडामंत्री अनुराग ठाकूर यांनी दौरा रद्द केला. पण पथक गेलं, खेळलं, १०७ पदकं घेऊन आलं.

तुमच्या हिशेबानं सगळं पथक परत यायला हवं होतं. साडेसहाशे खेळाडूंची चार वर्षांची मेहनत पाण्यात. आलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं? मधली वाट असतेच. हात न मिळवणं ही तसलीच मधली वाट आहे.

टिळकवाडीकर

हा धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही.

आपण सीमाभागातली माणसं. कुणीतरी दूर बसून आपल्याला कुठल्या रकान्यात टाकलं यावर शाळा, नोकरी, दाखले सगळं ठरतं, हे १९५६ पासून आपल्या घराघरात माहीत आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणून त्या तीन मुलींचं मला दुबईच्या सगळ्या प्रकारापेक्षा जास्त लागलं. आणि गंमत नाही, दुःख आहे, की त्यांच्यासाठी देशात दुबईच्या शंभराव्या हिश्शाएवढीही चर्चा झाली नाही.

माझं उत्तर असं. पथकानं खेळायला हवंच होतं, पण उद्घाटनाच्या संचलनात उतरायला नको होतं. संचलन हे यजमान देशाच्या मानासाठी असतं, स्पर्धा खेळाडूची असते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गलवानच्या चकमकीतल्या चिनी अधिकाऱ्याच्या हाती मशाल दिली, तेव्हा भारतानं सरकारी पातळीवर असाच नकार दिला. आपले राजनैतिक प्रतिनिधी उद्घाटनाला गेले नाहीत, दूरदर्शननं सोहळा दाखवला नाही, आपला स्कीइंगपटू आरिफ खान मात्र बर्फावर उतरला. नकार सरकारनं सरकारला दिला. हात न मिळवण्यात तो एका खेळाडूनं दुसऱ्याला दिला. फरक आहे तो इथे.

निपाणीकर

संचलनाचं पटलं. ते खरंच करायला हवं होतं.

खानापूरची लेक

पलटणवाले काका, एक विचारते, राग मानू नका. ८ जून १९९९ ला कारगिल पेटलेलं असताना मँचेस्टरला विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना झालाच होता. आपल्या कर्नाटकचा व्यंकटेश प्रसाद, २७ धावांत ५ बळी. आपण ४७ धावांनी जिंकलो. तेव्हा तुम्ही फौजेत होता ना? तुम्हाला काय वाटलं होतं?

पलटणवाला

राग कसला बाई. होतो फौजेत. निकाल कळला तेव्हा सगळ्या जवानांनी जल्लोष केला. का खेळले, असं कुणी म्हणालं नाही. हात मिळवला की नाही हेही कुणी विचारलं नाही, खरंय.

पण तेव्हा त्यांच्या बोर्डावर गृहमंत्री बसलेला नव्हता. आज बोर्ड आणि सरकार एकच झालंय, म्हणून मी माझ्या मताला चिकटून आहे. हात मिळवू नये.

तुमचं जे पटलं ते सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या क्रीडा मंत्रालयानं जाहीर केलं की पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, अनेक देशांच्या स्पर्धेत मात्र खेळू. मग त्याच कागदावर पुढची ओळही लिहायला हवी होती. हस्तांदोलन करायचं की नाही, चषक कुणाच्या हातून घ्यायचा, सगळ्या खेळांना एकच आदेश, खाली सही. फौजेत आम्हाला आदेश लेखी मिळायचा आणि जबाबदारी देणाऱ्याची असायची. इथे कॅमेऱ्यासमोर उभा राहतो पंचवीस वर्षांचा पोरगा, आणि ठरवणारा कुठे दिसतच नाही. जोहोरच्या त्या ज्युनियर पोरांना कुणी आता जाब विचारला तर त्यांच्या हातात काय कागद आहे?

अनगोळकर

तो कागद मागायला हवा. आपल्या खासदारांनी संसदेत हा प्रश्न लेखी विचारावा म्हणून एक निवेदन तयार करूया. टिळकवाडीकर, मसुदा तुम्ही लिहा. त्यात अरुणाचलच्या तिघींचंही घाला.