मूडलला कंपनीचे लॉगिन जोडताना जुनी खाती कशी सांभाळावीत?

प्रशिक्षण_चाकण (प्रश्न)

नमस्कार. चाकण येथे वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी प्रशिक्षण विभागाचे काम पाहतो. सुरक्षा, अग्निशमन आणि गुणवत्ता यांचे सर्व अभ्यासक्रम आमच्याच सर्व्हरवरील मूडल या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या प्रणालीत घेतले जातात. त्यात सुमारे ९०० खाती असून, गेल्या सहा वर्षांत ती ज्याला जशी सुचली तशी उघडली गेल्याने काहींचे यूजरनेम ईमेल आहे, तर काहींचे टोकन नंबर (कामगाराचा कारखान्यातील क्रमांक). आता व्यवस्थापनाने मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी या कंपनीची खाती सांभाळणाऱ्या सेवेमार्फत एकच लॉगिन ठेवण्याचे ठरवले आहे.

मूडलच्या चाचणी प्रतीवर सॅमल २.० (एका प्रणालीने पटवलेली ओळख दुसरीकडे पोहोचवण्याची पद्धत) चे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, बसवून दोन्हीकडच्या खात्यांची ईमेलवर जुळणी केली, तेव्हा बहुतेकांचे लॉगिन पहिल्याच प्रयत्नात झाले. मात्र लग्नानंतर आडनाव आणि त्याबरोबर ईमेलही बदललेल्या आमच्या एका सहकारी मॅडमनी प्रवेश करताच त्यांच्या नावे नवे कोरे खाते उघडले गेले आणि त्यांची सर्व प्रमाणपत्रे जुन्या खात्यातच राहिली. प्रत्यक्ष संकेतस्थळावर असे घडले तर ऑडिटच्या वेळी उत्तर देणे कठीण होईल. जुळणी नेमकी कशावर करावी, आणि ज्या ऑपरेटरांना कंपनीचा ईमेलच नाही त्यांचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. सॅमलऐवजी मूडलमधील ओऑथ २ ही बाहेरच्या खात्याने लॉगिन करण्याची दुसरी पद्धत वापरणे सोपे पडेल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

सर्व्हर_सांभाळणारा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ओऑथ २ ची सोय मूडलमध्ये ३.३ या आवृत्तीपासून मुळातच आहे आणि ती लवकर सुरू होते, परंतु तिथेही जुने खाते प्रथम ईमेलवरूनच ओळखले जाते, त्यामुळे आपली अडचण जशीच्या तशी राहील. जुळणीचे फील्ड स्वतः ठरवण्याची मुभा सॅमलच्या प्लगइनमध्ये आहे, तेव्हा तेच ठेवावे.

ईमेल ही माणसाची ओळख मानू नये. तो बदलतो, आणि त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीचा पत्ता पुढे त्याच नावाच्या दुसऱ्या कर्मचाऱ्याला दिला जाऊ शकतो. तसे झाल्यास नव्या माणसाला कोणतीही सूचना न येता जुन्याचे खाते उघडून मिळते. म्हणून मूडलच्या आयडी नंबर या फील्डमध्ये कर्मचारी क्रमांक भरावा, एन्ट्रामधून तोच क्रमांक क्लेम म्हणून, म्हणजे लॉगिनच्या वेळी मूडलकडे जाणारी माहिती म्हणून, पाठवावा आणि या दोहोंची जुळणी लावावी. हा क्लेम आपोआप जात नाही, तो एन्ट्रामधील ॲप्लिकेशनच्या (मूडलसाठी केलेल्या नोंदीच्या) क्लेमच्या यादीत जोडावा लागतो, आणि एखाद्याच्या नोंदीत क्रमांक भरलेलाच नसेल तर त्याच्यासाठी तो पाठवला जात नाही. त्यामुळे एचआर विभागाकडून आधी रिकाम्या नोंदी भरून घ्याव्यात.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. खात्यांच्या यादीची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडून सेव्ह केली की ००४५७ या क्रमांकाचे ४५७ होते आणि जुळणी फसते, हे माझ्या हातून एकदा झालेले आहे. शिवाय दोन खात्यांना एकच आयडी नंबर दिला तरी मूडल अडवत नाही, म्हणून दुबार क्रमांक स्वतःच शोधावे लागतात. सर्व क्रमांक भरून होईपर्यंत नवी खाती आपोआप उघडण्याची सेटिंग बंद ठेवावी. तसे केल्यास जुळणी न झालेल्या माणसाला प्रवेश नाकारला जाईल, तो आपल्याकडे तक्रार घेऊन येईल आणि चूक तिथेच कळेल. प्लगइनमध्ये आणखी एक सेटिंग अशी आहे की, ती बंद असल्यास ज्यांच्या खात्याचा लॉगिन प्रकार सॅमल आहे त्यांनाच आत घेतले जाते. जुनी खाती मॅन्युअल प्रकारची, म्हणजे मूडलच्याच पासवर्डवर चालणारी, असतील, तर सीएसव्हीने तो प्रकारही बदलून घ्यावा.

एचआर_डेटा_पुणे

वरील सल्ल्याशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु कर्मचारी क्रमांक कायम राहतो हे गृहीत धरू नये. कंत्राटी कामगार कायम झाला की आमच्याकडे त्याला नवा टोकन नंबर मिळतो, आणि काही कारखान्यांत निवृत्त माणसाचा नंबर पुढे दुसऱ्याला देतात. आपल्याकडे अशी पद्धत असेल, तर एन्ट्रामधील ऑब्जेक्ट आयडीवर (एन्ट्रा प्रत्येक खात्याला स्वतःच देते त्या क्रमांकावर) जुळणी करणे अधिक सुरक्षित आहे. तो वाचायला अवघड असतो आणि खाते काढून टाकून नव्याने तयार केले तर तोही बदलतो, मात्र काढलेले खाते ३० दिवसांच्या आत परत आणता येते व तेव्हा आयडी जुनाच राहतो.

ऑपरेटरांबद्दल सांगायचे तर, एन्ट्रामध्ये खाते असण्यासाठी मेलबॉक्स असावाच लागतो असे नाही. खरी अडचण पासवर्डनंतर मोबाइलवर होणाऱ्या दुसऱ्या टप्प्यातील पडताळणीची आहे, कारण शॉप फ्लोअरवर मोबाइल नेण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते. माझ्या मते त्यांना सध्या टोकन नंबर आणि मूडलच्याच पासवर्डवर राहू द्यावे व दोन्ही प्रकारचे लॉगिन सुरू ठेवावे.

सामायिक संगणकाकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. सुपरवायझरने एन्ट्रामार्फत प्रवेश करून केवळ मूडलमधून लॉगआउट केले, तर ब्राउझरमधील मायक्रोसॉफ्टचे सत्र (लॉगिन) चालूच राहू शकते, आणि पुढच्या शिफ्टच्या माणसाने बटण दाबताच सुपरवायझरचेच खाते उघडते. मग सुरक्षेची परीक्षा एकाने दिली आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर झाली, असा प्रकार घडतो. त्या संगणकांवर ब्राउझर बंद होताच सर्व सत्रे पुसली जातील अशी व्यवस्था करून घ्यावी.

सर्व्हर_सांभाळणारा

कंत्राटी कामगारांचा मुद्दा योग्य आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. आणखी थोडे सांगतो. एन्ट्राचे सॅमलसाठीचे डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र मुळात ३ वर्षांचे असते आणि ते संपण्याच्या ६०, ३० व ७ दिवस आधी सूचनेचा मेल येतो, पण तो ज्याने ॲप्लिकेशन जोडले त्याच्याच पत्त्यावर येतो. तो माणूस नोकरी सोडून गेलेला असेल तर एका सकाळी सर्वांचे लॉगिन बंद पडू शकते, म्हणून तिथे विभागाचा सामायिक पत्ता द्यावा. सर्व्हरचे घड्याळ एनटीपीशी (इंटरनेटवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेशी) जोडलेले असावे, कारण वेळेत काही मिनिटांचा फरक पडला तरी आलेली ओळख मुदतबाह्य ठरून नाकारली जाऊ शकते. ॲडमिनचे किमान एक खाते मॅन्युअलच ठेवावे. चाचणी प्रतीसाठी एन्ट्रामध्ये स्वतंत्र ॲप्लिकेशन करावे, कारण पत्ता बदलला की मूडलची ओळखही बदलते. मोबाइल ॲप वापरत असाल, तर त्यातील लॉगिनचा प्रकार ब्राउझरमार्फत असा बदलावा लागेल.

प्रशिक्षण_चाकण

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. एचआरकडे चौकशी केली असता, कायम झालेल्या कामगारांना आमच्याकडेही नवा टोकन नंबर दिला जातो, असे कळले. त्यामुळे कार्यालयीन कर्मचाऱ्यांची जुळणी ऑब्जेक्ट आयडीवर करून ऑपरेटरांना मॅन्युअल लॉगिनवरच ठेवणार आहे. दुबार खात्यांची यादी काढायला घेतली असून, पहिल्याच दिवशी एकाच सुपरवायझरची तीन खाती सापडली आणि तिन्हींत अग्निशमनाचे प्रशिक्षण अर्धवट राहिलेले आहे.