मदत हवी आहे: नववीतल्या मुलीसाठी खो-खो की 400 मीटर? शनिवारपर्यंत कळवायचंय

धायरीची_आई
मुलगी नववीत आहे. पाचवीपासून खो-खो खेळते. यंदा शाळेच्या स्पर्धेत 400 मीटरला पहिली आली आणि धावण्याच्या सरांनी तिला बोलावून घेतलं. दोन्हीकडचा सराव संध्याकाळी साडेपाचला असतो. दोन्ही सरांचं म्हणणं एकच, एक काय ते धरा आणि शनिवारपर्यंत सांगा. घरात आठ दिवस दुसरा विषय नाही. यांचं मत अ‍ॅथलेटिक्स. सासूबाई म्हणतात दहावी तोंडावर आलीय, दोन्ही बंद करा. कृपया "मुलीला आवडेल ते करू द्या" एवढंच लिहू नका. ठोस सांगा, कोणता खेळ?

ट्रॅकवरचे_बाबा
वेळ किती लागला ते लिहिलंच नाहीत. आणि शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेले 400 मीटर खरंच 400 होते का? एकदा पुण्यातल्या सणस मैदानावर किंवा बालेवाडीला नेऊन ट्रॅकवर पळवा, मग बोलू.
तरी माझं मत धावणंच. माझा मुलगा दोन वर्षं सांघिक खेळात राखीव बसला. धावायला लागल्यावर पहिल्यांदा त्याला स्वतःची प्रगती सेकंदात दिसली. घड्याळाकडे वशिला चालत नाही.

खुंटापाशी
राखीव बसण्याचा राग सगळ्या सांघिक खेळांवर काढू नका. ताई, खो-खोत ती कुठपर्यंत खेळली आहे? आक्रमणात चांगली की संरक्षणात? खांबावर सूर मारते का? चार वर्षं बसून-उठून जे अंगात मुरलंय ते टाकून द्यायचं म्हणजे काय टाकतोय ते तरी कळायला हवं.

ट्रॅकवरचे_बाबा
पण पुढे काय? खो-खो ऑलिंपिकमध्ये नाही.

खुंटापाशी
19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाची फायनल झाली. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवलं. कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, तोही महाराष्ट्राचाच. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम आपल्या बालेवाडीत झाला. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. आणि ऑलिंपिकच्या 400 मीटरपर्यंत पोचणाऱ्या मुली देशात किती?

नारायण_पेठ_आजोबा
आमच्या वेळी मातीवर खेळायचो. मॅटवर खरा खो-खो होत नाही, पायाला जमीन कळत नाही.

खुंटापाशी
आजोबा, राज्य-राष्ट्रीय सामने आता मॅटवर होतात. मुलींनी फक्त मातीवर सराव केला तर तिथे पहिल्याच डावात पाय अडखळतो. मॅटवर वळणं वेगळं असतं.

नारायण_पेठ_आजोबा
अडखळतो कारण पाया कच्चा असतो. मातीवर तयार झालेला गडी कुठेही पळतो.

नाचणी_आणि_मी
मुलीला रोज नाचणीचं सत्त्व आणि भिजवलेले खारीक-बदाम द्या. या वयात हिमोग्लोबिन तपासून घ्या, पाळी सुरू झाल्यावर बऱ्याच मुलींचं कमी होतं आणि आई-वडिलांना वाटतं दम कमी पडतोय.

सिंहगड_रोड_रोज
धायरीहून सणसला साडेपाचला पोचायचं म्हणजे शाळेतून थेट निघावं लागेल. आणणार-सोडणार कोण? हे आधी ठरवा. माझ्या मुलीचं बॅडमिंटन खेळामुळे सुटलं नाही, प्रवासामुळे सुटलं.

धायरीची_आई
सगळ्यांना एकत्र उत्तर देते. वेळ 69 सेकंद, सरांनी हाताच्या घड्याळावर घेतला. खो-खोत 14 वर्षांखालील गटात विभागापर्यंत गेली, संरक्षणात चांगली आहे, एका सामन्यात 2 मिनिटं 10 सेकंद टिकली होती. यंदापासून 17 खालच्या गटात. खो-खो शाळेच्याच मैदानावर, चालत पाच मिनिटं. धावायला सणस. तिकडे मी स्कूटरवर नेईन.
गुडघ्याचं लिहायचं राहिलं. दोन महिने उजवा गुडघा दुखतोय, पण सर म्हणाले वाढीचं वय आहे.

फिजिओ_कोथरूड
ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं. नेमकं कुठे दुखतं? वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा उंचवटा दाबला की दुखतो का? तिथे फुगवटा आहे? जिना उतरताना वाढतं का? रात्री झोपेतून उठवतं का? लंगडते का?

धायरीची_आई
आत्ता तिला बोलावून बघितलं. वाटीच्या खाली लिंबाच्या फोडीएवढं टेंगूळ आहे, दाबल्यावर पाय ओढून घेतला. सॉक्स काढला तर घोट्यापर्यंत लाल माती आणि गुडघ्याला माझीच जुनी क्रेप बँडेज गुंडाळलेली. म्हणाली, "आई, खो मिळाल्यावर उठताना दुखतं, पळताना एवढं नाही." मला आजवर बोलली नव्हती. रात्री दुखत नाही, लंगडत नाही.

फिजिओ_कोथरूड
लक्षणं ऑसगुड-श्लाटरसारखी वाटतात. हाड झपाट्याने वाढत असतं तेव्हा मांडीच्या स्नायूचा कंडरा नडगीच्या या कोवळ्या टोकाला सतत ओढत राहतो. खो-खोत पाटीवर बसणं, झटक्यात उठणं, सूर मारल्यावर गुडघा आपटणं, सगळा ताण नेमका तिथेच. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं शमतं. खेळ कायमचा बंद करायची गरज सहसा पडत नाही, भार मात्र कमी करावा लागतो. पण इथे वाचून निदान करू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखणं वाढलं, गुडघा अडकला किंवा सूज आली तर लगेच.

ट्रॅकवरचे_बाबा
मग प्रश्नच मिटला. धावणं.

फिजिओ_कोथरूड
नाही मिटला. स्पाइक्स घालून आठवड्यातून सहा दिवस ट्रॅकवर पळाली तरी तेच टोक ओढलं जाणार. दुखऱ्या गुडघ्यावर आयुष्याचा खेळ निवडू नका.

खुंटापाशी
हे पटलं. ताई, खो-खोच्या सरांना गुडघ्याचं सांगा. दोन महिने तिला आक्रमणात पाटीवर बसवू नका म्हणावं, संरक्षणाचाच सराव द्या, तोही मोजून. 2 मिनिटं 10 सेकंद टिकणारी मुलगी कुठलाही सर सहजासहजी सोडत नाही. आणि 17 खाली पहिलंच वर्ष आहे, समोर तिच्याहून दोन-दोन वर्षांनी मोठ्या मुली असतील. यंदा संघात आली नाही तरी पुढची दोन वर्षं हातात आहेत.

मंजिरी_बाणेर
दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचे कागद शाळेतूनच जातात. आतापासूनची सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा. माझ्या भाचीचं एक हरवलं आणि धावपळ झाली.

धायरीची_आई
गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दोन्ही सरांना आत्ताच मेसेज केला की शनिवारी उत्तर मिळणार नाही, गुडघा दाखवल्यावर सांगू. धावण्याच्या सरांचं अजून उत्तर नाही. खो-खोच्या सरांचा लगेच फोन आला, मला आधी का नाही सांगितलं म्हणाले. मी म्हटलं, सर, तिनेही मला आजच सांगितलं.
फिजिओताई, गुरुवारपर्यंत बर्फ लावू ना? आणि ती बँडेज ठेवायची की काढायची?