हाबरचे उपकार मोजताना ईप्र विसरायचं?

गंधक: परवा इथे एकाने लिहिलं, 'हाबरने जगाला जेवू घातलं, विषवायूचं किती उगाळणार?' डोकंच फिरलं. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू सोडला, तेव्हा हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत नव्हता, आघाडीवर जातीने हजर होता. हुकमाचा ताबेदारही नव्हे, लष्कराच्या मागे लागून हे अस्त्र त्यांच्या गळी उतरवणारा. वर १९१८ चं नोबेल!

जुनी_खोड: परवाचा 'एक' म्हणजे मी. नोबेल अमोनियासाठी होतं, वायूसाठी नाही. हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो खतात आणला नसता तर आज निम्मं जग उपाशी असतं. आणि फॉस्जिन या विषारी वायूवर काम करणारा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ग्रिन्यारही नोबेलवालाच. त्याच्यावर धागा कधी?

गंधक: शेजाऱ्यानेही चोरी केली म्हणून आपली माफ? तुमचा तो अमोनियाही धुतल्या तांदळाचा नाही. स्फोटकांना लागणारा चिलीचा सोरा युद्धात बंद झाल्यावर जर्मनीचा दारूगोळा त्याच्याच जिवावर चालला.

काजळी: हाबरच्या बायकोचं, क्लारा इमरवारचं, नाव कुणीच घेत नाही! १९०० साली ब्रेस्लाउची डॉक्टरेट. हाबरने १९०५ चं पुस्तक तिला अर्पण केलं, कशाबद्दल? 'मूक सहकार्या'बद्दल! माझी आईही रसायनशास्त्रात पहिली आलेली. आयुष्यभर बाबांचे पेपर टाइप केले, आभारातसुद्धा नाव नाही.

जुनी_खोड: आईंबद्दल वाईट वाटलं, पण हाबरचा काय संबंध? क्लाराने वायूच्या निषेधार्थ जीव दिला हेही सिद्ध झालेलं नाही. लग्न आधीच मोडकळीला आलं होतं.

काजळी: संबंध नाही? ती २ मे ला गेली आणि हे महाशय लगेच पूर्व आघाडीवर! घरात बारा वर्षांचा मुलगा. लग्न मोडकळीला आलं, ते आपोआप का?

टिपकागद: आमचे सर अमोनिया बनवायची 'हाबर-बॉश' पद्धत शिकवताना ती कारखान्यात उतरवणाऱ्या बॉशला एका वाक्यात उडवायचे. टेबलावरचं उपकरण कारखान्यात चालवणं खायचं काम नाही, तिथल्या प्रचंड दाबाला हायड्रोजन पोलाद खातो. मी स्वतः उच्चदाबाच्या कॉम्प्रेसरवर सहा वर्षं घासली आहेत. पण अभियंत्याला विचारतो कोण!

काजळी: बायकोला तरी कोण विचारतं?

जुनी_खोड: बरं बाई, 'उगाळणार' हा शब्द मागे घेतो. पण ज्या देशासाठी हे सगळं केलं, त्यानेच १९३३ मध्ये ज्यू म्हणून जगणं अशक्य केलं. संस्था सोडली, जानेवारी १९३४ मध्ये बाझेलला परमुलखात मेला. ही शिक्षा कमी पडली?

गंधक: ती शिक्षा ईप्रची नव्हती. ईप्रबद्दल त्याला बढती मिळाली होती.