गाण्यांचे डाउनलोड चालले, मग चित्रपटांचे का चालू नये?

टॉवेलवाला:
परवा सोलापुरात नव्या पेठेतल्या एका मोबाइलच्या दुकानात बसलो होतो. मेमरी कार्डात गाणी भरून देणे हा एके काळी त्या दुकानाचा चांगला चालणारा धंदा होता, आणि पुढे लोक चित्रपटही भरून मागू लागले. (दोन्ही बेकायदाच होते, हे मालक स्वतःच हसून सांगतात.) त्यांनी विचारले की हेच काम एखाद्या कंपनीने रीतसर पैसे घेऊन केले, म्हणजे चित्रपट विकत घ्यायचा, उतरवून घ्यायचा आणि कायमचा आपल्याकडे ठेवायचा, तर गाण्यांसारखे ते चालेल का?

माझे मत असे की चालणार नाही. ॲपलने २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्स या आपल्या इंटरनेटवरच्या दुकानात ९९ सेंटला एक गाणे विकायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. ॲपलच्या त्याच दुकानात ऑक्टोबर २००५ मध्ये मालिकांचे भाग आणि सप्टेंबर २००६ मध्ये चित्रपट आले. ते विकले गेले, पण चित्रपट पाहण्याची जगाची रीत त्यांनी बदलली नाही.

बहुतेकांना याचे कारण फाइलच्या आकारात दिसते, आणि तेव्हा ते काही अंशी खरेही होते. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. त्या वेगाने चार एमबीचे गाणे दोन मिनिटांत उतरते, पण ४.७ जीबीची भरलेली डीव्हीडी उतरवायला चाळीस तासांहून अधिक लागतात. आज ही अडचण उरलेली नाही, तरी चित्रपट विकत घेऊन साठवणारा माणूस मला आसपास दिसत नाही. म्हणून खरे कारण वापरात शोधावे लागते. आमच्या यंत्रमागाच्या शेडमधला कामगार कानात इअरफोन घालून एकच गाणे पाळीभर ऐकतो आणि माग चालू राहतो. चित्रपट पाहायचा तर माग बंद ठेवावा लागतो. जे शंभरदा ऐकायचे ते माणूस विकत घेतो, आणि जे एकदाच पाहायचे त्याचे तिकीट काढतो.

पूर्वभाग:
असहमत. 'एकदाच पाहायचे' हे आपण आपल्यावरून ठरवलेले दिसते. आमच्या घरी आजीची भाषा तेलुगू, मुलांची शाळा मराठी आणि टीव्हीवर बहुतेक वेळ हिंदी. आजीचे चार-पाच जुने तेलुगू चित्रपट ठरलेले आहेत आणि ते ती वर्षातून कितीतरी वेळा पाहते. नातवाचे एकच कार्टून तर रोज चालते. अशा घराला मासिक वर्गणी परवडत नाही असे नाही, पण वर्गणीत मिळते ते भाड्याचे घर. आज एका सेवेवर असलेला चित्रपट करार संपला की तिथून निघतो, आणि तो आता कुठे आहे हे शोधत बसणे माझ्याकडे येते. विकत घेऊन ठेवण्याची गरज आहे, ती भागवणारे दुकान नीट चालवले गेले नाही, एवढेच.

शिवाय एक मुद्दा आपण सोडला. ॲपलचा आयपॉड, म्हणजे खिशात ठेवून गाणी ऐकायचे यंत्र, २००१ चा, म्हणजे गाण्यांच्या दुकानाच्या आधीचा. लोकांनी तो आधी स्वतःजवळच्या सीडींवरून भरला, कारण सीडीला कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारी तांत्रिक सोय, नव्हते. डीव्हीडीला ते होते, आणि १९९८ च्या कायद्यामुळे अमेरिकेत ते तोडणारी साधने विकणेही बेकायदा ठरले. स्वतःच्या कपाटातले चित्रपट लोकांना सहज संगणकावर घेता आले असते, तर पुढचे दहा नवेही त्यांनी विकत घेतले असते. म्हणजे दोष प्रेक्षकांच्या सवयीचा नसून कुलपाचा आहे.

सातरस्ता:
आपण दोघेही गाण्यांचे डाउनलोड यशस्वी झाले असे धरून वाद घालत आहात, पण माझी शंका तिथेच आहे. ॲपलने २०१३ पर्यंत २५ अब्ज गाणी विकली हे खरे. मात्र २०१५ मध्ये अमेरिकेतच स्ट्रीमिंगचे, म्हणजे फाइल न साठवता थेट इंटरनेटवरून ऐकण्याचे, उत्पन्न डाउनलोडच्या पुढे गेले. आपल्याकडे तर तेवढाही काळ मिळाला नाही. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाने गाण्यांचे दुकान उघडले आणि जून २०१३ मध्ये बंदही केले. भारतात मोबाइलवरच्या गाण्याला लोकांनी पैसे दिले ते कॉलर ट्यूनसाठी, म्हणजे दुसऱ्याला ऐकू येणाऱ्या गाण्यासाठी! चित्रपटांना वेगवान इंटरनेट मिळेपर्यंत डाउनलोडचा टप्पाच मागे पडला होता. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झाले. त्यानंतर फाइल साठवायची कशाला, हा प्रश्न सोलापुरातही कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

टॉवेलवाला:
सातरस्ता यांचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. गाण्यांचे डाउनलोड दहा-बारा वर्षे टिकले, आणि एक गाणे सुटे विकत घेता येते ही गोष्ट त्यानेच रुजवली. चित्रपटाचे असे सुटे काय विकणार? मध्यंतरापर्यंतचा भाग तर कोणी घेणार नाही.

पूर्वभाग यांच्या कुलपाच्या मुद्द्यावर मात्र मला माघार घ्यावी लागते. ॲपलने २००९ मध्ये गाण्यांवरचे कुलूप काढले, चित्रपटांवरचे काढले नाही. जी वस्तू दुसऱ्या यंत्रावर चालवायला विकणाऱ्याची परवानगी लागते, तिला 'विकत घेतली' म्हणणे मलाही जड जाते. आपण स्वतः कधी असा चित्रपट विकत घेतला आहे का?

पूर्वभाग:
घेतला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो अनुभव माझ्याच बाजूला मारक आहे. आजीचाच एक चित्रपट फोनवरून विकत घेतला होता. पुढे फोन बदलला, जुना क्रमांक बंद झाला, खात्याचा पासवर्ड आठवेना, आणि ग्राहक सेवेने त्याच बंद क्रमांकावर ओटीपी पाठवला. चित्रपट कागदोपत्री अजून माझा आहे.

सातरस्ता:
मग आजी सध्या पाहतात कशावर?

पूर्वभाग:
डीव्हीडीवर. मोझर बेअर कंपनीने तबकड्यांचे भाव एकदम खाली आणले, डीव्हीडी ३४ रुपयांना आणि व्हीसीडी २८ ला, तेव्हा वडिलांनी एकदम सात-आठ घेतल्या होत्या. प्लेअरचा ट्रे अडकतो, तो टाचणीने उघडावा लागतो. पण ओटीपी लागत नाही.