शेअर की ऑप्शन? अंदाज बरोबर येऊनही तोटा झाला, त्यावरून

धागाकर्ता:
नव्या माणसाने शेअरमध्येच ट्रेडिंग शिकावं, पहिलं वर्षभर ऑप्शनच्या (म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. एका कंपनीचे निकाल चांगले लागणार असा माझा अंदाज होता. शेअर १०० वर होता, मुदतीला पंधरा दिवस होते, मी १०५ चा कॉल, म्हणजे १०५ ला शेअर घेण्याचा हक्क, ३ ला घेतला. निकाल चांगलेच लागले, शेअर १०३ झाला. खुशीत स्क्रीन उघडली तर कॉल १.३० वर! दोनदा रिफ्रेश करून पाहिलं. निकालाआधी अनिश्चिततेमुळे प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, फुगलेला असतो आणि निकाल लागला की इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (भाव किती हलेल याचा बाजाराने धरलेला अंदाज) उतरून तो बसतो, हे त्या दिवशी कळलं. शेअर घेतला असता तर सरळ ३ टक्के सुटले असते. शेअरमध्ये दिशा ओळखली की बरंच काम झालं. कॉल घेताना दिशा, किती हलणार आणि केव्हा, हे तिन्ही जमावं लागतं. मला फायद्यासाठी मुदतीअखेर १०८ च्या (१०५ अधिक दिलेले ३) वर भाव हवा होता. शेअर पडला तर निदान थांबता येतं.

प्रतिसाद १:
‘थांबता येतं’ हेच मला सगळ्यात घातक वाटतं. माझ्याकडे १०० ला घेतलेला शेअर होता, ९२ चा स्टॉप लॉस (भाव तिथवर उतरला की आपोआप विकायची ऑर्डर) लावून निर्धास्त झोपलो. सकाळी शेअर उघडला तोच ७० वर. स्टॉप लॉस लागला, पण ७० ला! मधल्या भावांना सौदाच झाला नाही, तर ९२ ला विकणार कुठून? त्याच शेअरवर २ देऊन ९० चा पुट, म्हणजे ९० ला विकण्याचा हक्क, घेतला असता तर भाव ४० वर आला असता तरी मुदतीपर्यंत तोटा १२ च्या पुढे गेला नसता. तुम्ही ऐन निकालाच्या तोंडावर महाग कॉल घेतलात, त्यात ऑप्शनचा काय दोष?

प्रतिसाद २:
मूळ मुद्द्याशी सहमत, पण शेअरचं ट्रेडिंग सुरक्षित असं कुणी समजू नये. बार्बर आणि ओडिन या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या ६६ हजारांवर कुटुंबांचे १९९१ ते १९९६ चे व्यवहार तपासले होते. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, बाजाराने त्याच काळात १७.९ टक्के दिले. त्यात ऑप्शनचा संबंध नव्हता. खरेदी-विक्रीच्या खर्चानेच त्यांचा नफा खाल्ला.

प्रतिसाद ३:
मुदत जवळ येईल तसा प्रीमियम वितळतो ना, मग विका की! मी ऑप्शन विकतो. दिवस सरेल तसा फायदा माझा. बहुतेक महिने हिरवे असतात.

प्रतिसाद १:
@प्रतिसाद ३, हातात शेअर असताना कॉल विकत असाल तर ठीक, फार तर वरचा नफा सुटेल. नुसता कॉल विकलात तर मिळणार ठरलेला प्रीमियम आणि तोट्याला मर्यादाच नाही. अकरा महिन्यांची कमाई एका उसळीत जाते, शिवाय वाढीव मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) त्याच दिवशी मागतात. नव्यांना हे सांगू नका, कळकळीची विनंती.

धागाकर्ता:
पुटबद्दल तुमचं म्हणणं पटलं. उघडतानाच भाव कोसळला तर स्टॉप लॉस उपयोगी नाही, हे मी धरलंच नव्हतं. पण पुट घेण्याआधी तो शेअर मुळात का धरलाय हे ठाऊक हवं, आणि दर मुदतीला २ भरत राहिलं तर विम्याचाच खर्च डोईजड होतो. म्हणून नवा माणूस आधी शेअरच शिको. तुम्ही पुट कायम ठेवता की फक्त निकालाच्या आसपास? त्याच वेळी तर तोही महाग असतो.

प्रतिसाद १:
कायम नाही. निकालाच्या तीन-चार आठवडे आधी, प्रीमियम चढायच्या आत घेतो, आणि मुदत निकालानंतरची निवडतो. बाकीच्या काळात शेअरच कमी ठेवतो.