वर्षावनातला छोटा शेतकरी आणि लाकडाचा व्यापार: एक बाळबोध प्रश्न

बोरूबहाद्दर:
मंडळी, एका जाडजूड अहवालाचा अनुवाद करतेय आणि डोकं गरगरायला लागलंय. तिसऱ्या प्रकरणात म्हटलंय की अ‍ॅमेझॉन आणि आफ्रिकेतली वर्षावनं दोन-चार हेक्टरवाले शेतकरी कुरतडतायत. सातव्यात म्हटलंय की याच शेतकऱ्यांना लाकूड विकू द्या, तरच जंगल टिकेल. मग खरं काय धरायचं? शिवाय लाकूड एवढं मोलाचं, तर ज्याच्या रानात ते उभं आहे तो कफल्लक कसा? तिकडे प्रत्यक्ष राहिलेलं कुणी असेल तर सांगा. पुस्तकी उत्तर माझ्याकडे चारशे पानं आहे.

ओंडका:
मी पेरूमध्ये उकायाली नदीच्या खोऱ्यात चार वर्षं झाडमोजणी केली. हातात टेप, कमरेला कोयता आणि पायात कायम ओले बूट. त्यामुळे जे पाहिलं तेवढंच सांगतो.

आधी 'जंगल' हा शब्द जरा बाजूला ठेवा. तिथला शेतकरी दाट रान तोडतो, जाळतो, दोन-तीन वर्षं मका, भात, केळी घेतो आणि जमीन थकली की सोडून देतो. सोडलेली जमीन मोकळी राहत नाही. नदीकाठी तिच्यावर बोलाइना नावाचं झाड उगवतं. बी इतकं हलकं की वाऱ्यावर येतं. सहा ते आठ वर्षांत ओंडका विकण्याजोगा होतो. फळ्या हलक्या, पांढुरक्या. स्वस्तातल्या घरांच्या भिंतींना चालतात. पुकाल्पा या नदीकाठच्या शहरातल्या सॉ मिल त्या कापतात आणि पुढे राजधानी लिमापर्यंत माल जातो. म्हणजे तुमच्या अहवालातला 'जंगल कुरतडणारा' माणूस हे लाकूड स्वतःच्या पडीक शेतातून काढतोय. मॅहॉगनीसारख्या महागड्या झाडाशी त्याचा काही संबंध नाही. मोठं मॅहॉगनी त्याच्या आजोबांच्या पिढीतच तोडून नदीवाटे नेलं गेलं.

आता तो कफल्लक का, ते. मला विचाराल तर करवतीपेक्षा टेपने त्याला जास्त लुटलंय.

एक सकाळ सांगतो. नदी भरलेली, काठावर आडवे टाकलेले बोलाइनाचे ओंडके, आणि खरेदीदाराचा माणूस टेप घेऊन फिरतोय. बारीक टोकाला, सालीच्या आत टेप लावायचा, खालचा पूर्ण इंच धरायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा. एक पोरगा वहीत लिहितोय. शेतकऱ्याची बायको पायरीवर बसून दर ओंडक्याला मक्याचा एक दाणा ओच्यात टाकतेय. शेवटी वहीत एकशे सदतीस आणि तिच्या ओच्यात एकशे चाळीस. त्यावरून अर्धा तास वाद झाला आणि तीन ओंडके तिला परत मिळाले. पण खरा घोळ मोजदादीत नव्हताच. तो सूत्रात होता, आणि त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

अमेरिका खंडात बऱ्याच ठिकाणी ओंडक्याचं माप डॉइलच्या नियमाने घेतात. नियम एकोणिसाव्या शतकातला. व्यास इंचात घ्या, त्यातून चार वजा करा, चारने भागा, वर्ग करा आणि लांबीच्या फुटांनी गुणा. उत्तर येतं बोर्ड फुटांत. बारा बोर्ड फूट म्हणजे एक घनफूट. आता आठ फूट लांबीचे ओंडके घ्या. व्यास २४ इंच असेल तर नियम २०० बोर्ड फूट देतो, आणि त्यात भरीव लाकूड असतं सुमारे ३०२. कापताना काही तुकडे आणि भुसा जाणारच, त्यामुळे हे ठीकठाक आहे. पण व्यास ८ इंच असेल तर नियम देतो फक्त ८, आणि लाकूड असतं ३३ च्या वर. म्हणजे चौथा हिस्सा! मिलने निम्मं वाया घालवलं तरी शेतकऱ्याच्या नावे मोजलेल्या मालाच्या दुप्पट फळ्या मिलच्या हाती पडतात. वजा चार हा आकडा जाड ओंडक्याला बोचत नाही, बारक्याला मात्र सोलून काढतो. आणि पडीक रानात बारीकच ओंडके असतात.

यावर उचल. पैसे, डिझेल, चेनसॉची म्हणजे यांत्रिक हातकरवतीची साखळी, कधी आजारपणाचा खर्च, सगळं खरेदीदार आधी देतो. तिकडे या पद्धतीला 'आबिलितो' म्हणतात, ब्राझीलमध्ये 'अवियामेंतो'. रबराच्या काळापासून चालत आलेली. उचल घेतलेला माणूस 'तुमचं सूत्र चुकतंय' असं म्हणणार कुठून?

कोकोची_शेंग:
ओंडका, डॉइलचं गणित पहिल्यांदाच कळलं, आभार.

घानाची बाजू जोडते. कोको संशोधनाच्या निमित्ताने तिकडे होते. तिथे आपसूक उगवलेलं इमारती झाड शेतकऱ्याचं नसतं. कायद्याने ते राष्ट्राध्यक्षांकडे, पारंपरिक प्रमुखाच्या गादीच्या वतीने विश्वस्त म्हणून. तोडीचा हक्क कंपनीला मिळतो. ती येते, कोकोच्या मळ्यात उभा असलेला ओडुम नावाचा इमारती वृक्ष पाडते, आणि तो पडताना खालची कोकोची झाडं चिरडतो. शेतकऱ्याला लाकडात वाटा नाही. मग शहाणा शेतकरी काय करेल? ओडुमचं रोप मनगटाएवढं झालं की बुंध्याची साल गोल सोलून ते उभं वाळवायचं. मी स्वतः अशी वाळकी झाडं मोजली आहेत. कोकोला सावली हवी असते हे त्या लोकांना आपल्याहून चांगलं कळतं, तरीही. २००२ च्या दुरुस्तीने स्वतः लावलेल्या झाडावरचा हक्क मान्य झाला, पण आपोआप उगवलेल्याचं काय, हा प्रश्न राहिलाच.

चेनसॉने फळ्या पाडून विकण्यावर तिथे १९९८ पासून बंदी आहे. आणि देशातल्या बाजारात येणारं बरंचसं लाकूड तसंच पाडलेलं असतं. बंदीने धंदा थांबला नाही, फक्त वाटेवरच्या नाक्यांचे हात ओले झाले.

उलटतपासणी:
सगळं वाचून डोळे पाणावले, पण जरा थांबा. काँगो खोऱ्यात २००० ते २०१४ या काळात जे जंगल गेलं, त्यातलं सुमारे ८४ टक्के छोट्या, यंत्राविना केलेल्या शेतीसाठी गेलं, असा उपग्रह चित्रांवरचा अभ्यास आहे. तो शेतकरी बिचारा असेल, पण झाड तर त्यानेच तोडलं ना? शिवाय चेनसॉने फळ्या पाडणं म्हणजे निव्वळ नासाडी. साखळीची चीर आठ मिलिमीटरची. इंचभर जाडीच्या तीन फळ्या काढल्या की चौथीचा भुसा झालेला असतो.

ओंडका:
उलटतपासणी, आकडा बरोबर आहे आणि भुशाचं गणितही. पण तो अभ्यास शेतीसाठी साफ केलेल्या जमिनीचा आहे, विकलेल्या लाकडाचा नाही. आणि बोरूबहाद्दर, तुमची दोन प्रकरणं इथेच एकमेकांना भेटतात.

शेत साफ करताना पडलेल्या झाडाचं पुढे काय होतं, ते बघा. पेरूमध्ये जंगलाची संपत्ती राष्ट्राची. आपल्या पडकातलं आपोआप आलेलं झाडही विकायचं तर परवाना लागतो आणि नदीवरून न्यायला वाहतुकीचा पास. परवान्यासाठी तंत्रज्ञाचा आराखडा, शहराच्या दोन-तीन फेऱ्या, होडीचं भाडं. दहा-बारा झाडांसाठी हा खर्च लाकडाच्या किमतीहून जास्त होतो. मग चांगला दोन फुटी बुंधा तिथेच जाळतात. मी अशा जळत्या बुंध्यावर चहाचं भांडं ठेवलेलं आहे. जाळायला परवाना मागणारा कुणी तिथवर येत नाही, विकायला मात्र प्रत्येक वळणावर मागतात.

याउलट 'लावलेल्या' झाडाची लागवड म्हणून नोंद केली की तोडीला वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे वाऱ्याने आलेली बोलाइना कागदावर रांगेत लावलेली होते. शेतकरी खोटं बोलतो, कारकुनाला ते माहीत असतं, आणि लाकूड खरोखरच त्याच्याच शेतातलं असतं. अडचण एवढीच की याच फटीतून दुसऱ्याच्या दाट रानातलं लाकूडही 'लागवडीचं' होऊन बाहेर पडतं. या वाटेने जाणारे लोक बोलाइनावाले नसतात. त्यांच्या होड्या मोठ्या असतात.

म्हणून माझं मत: आठ वर्षांच्या पडीक रानाला पैसा मिळाला तर माणूस ते आठ वर्षं राखेल. नाही मिळाला तर चौथ्या वर्षीच पुन्हा मका, नाहीतर कायमचं ताडतेलाचं पीक किंवा कुरण. यात दाट जंगल वाचेलच असं मी म्हणत नाही. तिकडे रस्ता कुठून जातो यावर जास्त अवलंबून आहे.

चेनसॉबद्दल: बँडसॉ, म्हणजे पट्टीच्या पात्याची, जागोजागी नेता येणारी करवत, कमी नासवते हे खरं, पण ती चिखलात चार माणसांनी उचलून न्यावी लागते, आणि तिचं पातं तुटलं की शहर गाठावं लागतं. चेनसॉ एकाच्या खांद्यावर जाते.

बोरूबहाद्दर:
दोन्ही प्रकरणं आता एका जागी बसली, मनापासून आभार. ओंडका, एक शंका: डॉइलचं कोष्टक मी स्वतः करून पाहिलं तर १२ इंचाला ३२ येतंय. लांबी आठच फूट. बरोबर?

ओंडका:
बरोबर, ३२. भरीव लाकूड ७५ च्या आसपास. फक्त व्यास बारीक टोकाचा आणि सालीच्या आतला घ्या. सालीसकट घेतलात तर तुमचा आकडा शेतकऱ्याच्या आकड्याशी जुळेल, खरेदीदाराच्या नाही.

अवांतर: ते परत मिळालेले तीन ओंडके बाईंनी विकलेच नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्याला पांढऱ्या फळ्यांची नवी भिंत होती.